नणंद-भावजयीचे पाच किलोमीटर

बसमधले रोजचे प्रवासी त्या कंडक्टरबाईला डबलबेल म्हणत. गर्दीत हात घंटीपर्यंत पोचला नाही की ती मागच्या दारातून तोंडानेच "डबल बेल!" अशी आरोळी द्यायची आणि ड्रायव्हर गाडी सोडायचा. "पुढे सरका, मध्ये मैदान पडलंय, दारातल्या काकांनी एक तर आत यावं, नाही तर घरी जावं," हे सगळं एका दमात. तिच्याबरोबर ड्यूटी लागली की हॉर्न वाजवायचे कष्ट वाचतात, असं ड्रायव्हर म्हणायचे.

तिचं लग्न आधी जुळलं नाही, मग जुळवायचं राहून गेलं. पुढे कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "आता कुठे? माझी गाडी डेपोकडे वळली." राहायची भावाकडे. भाऊ विजेच्या मोटारी नव्या तारेने गुंडाळून द्यायचा. जळलेले पंखे नि पंप त्याच्या दुकानात ओळीने पडलेले असत. भावजय घरीच शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे, आणि पडद्यांच्या कापडाचा पसारा थेट दारापर्यंत.

नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, रेडिओ किती मोठा, नळ कोणी ठिबकत ठेवला. कारणांना तोटा नव्हता. भावजय रागावली की मुद्दाम "वन्सं" म्हणायची आणि माया आली की "बाई". नणंद दोन्ही वेळा "वहिनी"च म्हणायची, फक्त पट्टी बदलायची. भाऊ मध्ये पडत नसे. "दोन चालू तारांच्या मध्ये बोट घालू नये," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

एका संध्याकाळी दोघी बाजारातून येत होत्या. वहिनीची चाल तुरुतुरु, नेहमी दोन पावलं पुढे. त्या दिवशी मात्र ती नणंदेच्या अर्धं पाऊल मागे चालत होती. कोपऱ्यावर बाजूने एक सायकलवाला आला. वहिनीने त्याला पाहिलंच नाही, हँडल दंडाला घासलं तेव्हा दचकली आणि कडाडली, "आंधळा आहेस का रे?" आणि एकदम गप्प झाली. घर येईपर्यंत एक शब्द नाही. भांडायला समोर सायकलवाला उभा असताना वहिनी गप्प बसते, याचाच नणंदेला घोर लागला.

मग ती पाहू लागली. वहिनी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची, पण हाताशी पडलेली कात्री तिला सापडायची नाही. समोरचं दिसत होतं, कडेचं नाही. एखाद्या नळीतून बघावं तसं. जगात कशावरही बोलणारी नणंद यावर मात्र बोलली नाही. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी ती वाटेतलं स्टूल भिंतीशी सरकवायची, बादली मोरीत आत ढकलायची, कपाटाची दारं लावून टाकायची. अर्धं उघडं दार सगळ्यात वाईट, हे तिचं तिलाच उमगलं होतं.

जिन्यावर पडल्यावर वहिनीने शेवटी घरात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली कड परत येणार नाही. मधली नजर बरीच वर्षं टिकेल. चालायला पांढरी काठी शिकून घ्या. वहिनीने ते ऐकलं आणि घराबाहेर पडायचंच बंद केलं. दोरे-बटणं तिची लेक आणून द्यायची. गिऱ्हाइकं घरी यायची. खिडकीशी बसून वहिनी रस्त्याचा आवाज तेवढा ऐकायची.

भागातल्या व्यायाम मंडळाची दरवर्षी पाच किलोमीटरची शर्यत असे. त्यात घरचा गट म्हणून एक प्रकार होता: एका घरातले तिघे, आणि तिघांनी शेवटची रेघ एकत्र ओलांडायची. लेक तपासणी केंद्रात लोकांचं रक्त घ्यायची; अबोल, पण मनात आलं की सोडायची नाही. जेवताना म्हणाली, "मी, आत्या आणि बाबा. नाव देऊ?"

"माझे गुडघे आधी गुंडाळून घ्यावे लागतील," भाऊ म्हणाला.

"मग वहिनी येईल," नणंद म्हणाली.

सगळ्यांचे घास थांबले. वहिनीने पाण्याचा पेला शोधून हातात घेतला.

"वन्सं, तुम्हाला तमाशाच पाहायचा असेल तर पैसे देऊन बघा."

"तुला धावता येत नाही का दिसत नाही, ते आधी ठरव. धावता येत नसेल तर राहू दे. दिसत नसेल तर मी दिसेल ते सांगते."

"रस्ताभर ओरडत?"

"पगार घेऊन ओरडतेच की. तुझ्यासाठी फुकट."

वहिनी उठून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र लेकीला म्हणाली, "तुझे जुने बूट मला होतात का बघ."

सराव डेपोच्या आवारात व्हायचा, पहिली गाडी सुटायच्या आधी. जमिनीवर तेलाचे डाग, दोन्ही बाजूंना झोपलेल्या बस. दोघींच्या मनगटांना बांधायला वहिनीनेच पायजम्याच्या नाडीचा हातभर तुकडा कापला. "जन्मभर दुसऱ्यांच्या पायजम्यांत नाड्या ओवल्या," म्हणाली, "आता मलाच ओवा." पहिल्याच दिवशी नणंद तोंड तिच्याकडे करून उलटी चालत होती. "उजवीकडे," म्हणाली आणि वहिनी सरळ टायरवर आदळली.

"कोणाची उजवी गं बाई?"

"माझी."

"मग तूच जा तिकडे."

टायरला टेकून दोघी हसत बसल्या. वॉचमन लांबून बघत राहिला.

शर्यतीच्या सकाळी भाऊ पाण्याच्या बाटल्या घेऊन शेवटच्या रेघेपाशी उभा राहिला. लेक पुढे, माणसं बाजूला करत. मागे नाडीने जोडलेल्या दोघी. नणंदेचा आवाज चालू होता. "खडबडीत रस्ता. गटाराचं झाकण, डावीकडून. पुढे पोरं आहेत, हळू. आता मोकळं, सोड गाडी." वाटेत रोजचे प्रवासी उभे होते. "डबलबेल, आज तिकीट कुठलं?" कोणी विचारलं. "शेवटच्या स्टॉपचं," ती म्हणाली. वहिनीची पावलं सुरुवातीला चाचपडत पडत होती, ती हळूहळू मोकळी झाली. किती दिवसांनी तिला रस्त्यावरचा वारा लागत होता. तिची ती जुनी तुरुतुरु चाल परत आली आणि नाडी पुढे ताणली गेली.

पेट्रोल पंपापुढे चढ लागला आणि नणंदेचा दम संपला. आयुष्य उभ्याने गेलेलं. पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. आधी तिचा आवाज बसला, मग शब्द तुटू लागले, आणि मग पोटरीत असा गोळा आला की ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलीच. मागची माणसं पुढे जाऊ लागली.

"तुम्ही दोघी जा," ती कशीबशी म्हणाली.

"तिघींनी पोचायचंय, आत्या," लेक म्हणाली.

वहिनी खाली बसली. हाताने चाचपत तिने नणंदेचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने पोटरी दाबायला लागली.

"स्टूल तू सरकवायचीस ना?" वहिनीने विचारलं.

नणंदेने पाय ओढून घ्यायला पाहिलं.

"मी कोणाला सांगितलंही नव्हतं, तेव्हापासून. रोज सकाळी तू गेलीस की मी घरभर फिरून बघायची, आज काय हलवलंस. कपाटाचं दार, बादली. वस्तू काय आपोआप बाजूला होतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस? मला वाटायचं, बोललं की खरं होईल. आणि तू सरकवायची थांबशील."

"थांबले असते होय मी?" नणंद म्हणाली. "मला वाटलं, तुला राग येईल. तुला माझा कशाचाही राग येतो."

"येतोच," वहिनी म्हणाली आणि पोटरी आणखी जोरात दाबली. "आई गं" म्हणत नणंद एकदाची हसली.

पाय जमिनीवर टेकवता आला तेव्हा नणंदेने वहिनीच्या खांद्यावर भार टाकला. रस्ता सांगायचं काम लेकीकडे आलं. ती पुटपुटल्यासारखी म्हणाली, "इथे खड्डा आहे."

"मोठ्याने बोल," वहिनी म्हणाली, "आत्याची भाची ना तू?"

मग ती पोरगी रस्ताभर ओरडत राहिली, स्वतःलाच नवल वाटावं इतकं. तिघी पोचल्या तेव्हा मंडळाची माणसं मांडव उतरवायला लागली होती. त्यांच्या मागे एक आजोबा नि त्यांचा कुत्रा तेवढे होते. भाऊ रेघेवरच उभा होता. त्याने तिघींना एकेक बाटली दिली आणि मग बायकोच्या बुटाची सुटलेली लेस खाली वाकून बांधली.

"गुडघे दुखतात ना हो तुमचे?" ती म्हणाली.

"दुखतात," तो म्हणाला, पण गाठ पुरी करूनच उठला.

काठी शिकवणारं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. वहिनी पुढच्याच आठवड्यात तिथे जायला तयार झाली. नणंदेने रजा टाकली, पण पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. "तुम्ही फार बोलता," त्या म्हणाल्या, "त्यांचं काठीकडे लक्ष लागत नाही."

महिनाभराने वहिनी म्हणाली, "आज बाजारात मी पुढे. तू मागे चाल, आणि मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

नणंद कबूल झाली. वहिनीची काठी फरशीवर डावी-उजवीकडे टकटकत निघाली. माणसं वाट देत होती, काही देत नव्हती. केमिस्टच्या दुकानापाशी पदपथाच्या अगदी मधोमध विजेचा खांब होता. नणंदेने तो लांबूनच पाहिला. तिने तोंड उघडलं, मिटलं; पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. काठी खांबाला लागली. वहिनी थांबली, हाताने खांब चाचपला, वळसा घालून पुढे गेली आणि पाच-सहा पावलांवर उभी राहिली.

"मागे आहेस ना, बाई?"

"आहे," नणंद म्हणाली.