एक नंबरच्या खिडकीतल्या बाईंचं फुकटचं नेट

त्या सोमवारी बाई ऑफिसात आल्या त्या तक्रारीचा कागद हातात धरूनच. बावीस वर्षं आमच्या दोघांच्या खिडक्या शेजारी शेजारी आहेत. एक नंबरची त्यांची, दोन नंबरची माझी. मला लोक 'दोन नंबरवाले' म्हणतात आणि वर हसतातही, मी सोडून देतो. या बावीस वर्षांत बाईंनी दुसऱ्यांच्या हजारो तक्रारी घेतल्या, शिक्का मारला आणि ट्रेमध्ये टाकल्या. स्वतःची तक्रार त्या पहिल्यांदाच घेऊन आल्या होत्या. त्यांच्या घरचं इंटरनेट शनिवारपासून बंद होतं.

"ऑफिसच्या माणसाचं कनेक्शन तोडतात म्हणजे काय?" पर्स खुंटीला अडकवता अडकवता त्या म्हणाल्या. "साहेब येऊ देत. लेखी माफी घेतल्याशिवाय मी आज खिडकी उघडणार नाही."

मी मान खाली घालून नोटा मोजायचा स्पंज ओला करत बसलो. एक गोष्ट मला माहीत होती आणि माझी अशी पक्की समजूत होती, की ती बाईंना कधीचीच कळली आहे. तो कागद बघितला आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना आजही काही माहीत नाही.

आमचं ऑफिस घरोघरच्या इंटरनेटची बिलं घेतं. दोन खिडक्या, आत तारा जोडणारी मुलं, आणि दर दोन वर्षांनी बदलणारे एक साहेब. बाईंचा दरारा असा, की चार वाजता खिडकी बंद म्हणजे बंद. चार वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाने काचेवर डोकं आपटलं तरी त्या गल्ल्याला कुलूप लावून मोकळ्या. "विसरलो" म्हणणाऱ्याची तर त्या सालटी काढायच्या. "विसरायला काय झालं? इथे रोख भरा. बाहेरच्या पेटीत चेक टाका. कोपऱ्यावरच्या दुकानात भरा. पोर्चमधल्या यंत्रात भरा. बँकेतून परस्पर भरा. फोनवरून भरा. सहा वाटा करून ठेवल्यात तुमच्यासाठी, अजून काय घरी येऊन खिशातून काढून घेऊ?" हे भाषण मला तोंडपाठ आहे. झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन.

आणि या बाईंना स्वतःला बिल नव्हतं. ऑफिसात लागल्यावर त्यांना घरचं कनेक्शन फुकट मिळालं होतं, नवऱ्याच्या नावावर, कारण घर नवऱ्याचं होतं. या फुकटच्या नेटचा बाईंना किती अभिमान असावा? जावेच्या घरी गेल्या की जावेचं बिल विचारायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, "आम्हाला बाई माहीतच नाही ते. ऑफिस देतं." पगार बेताचा, खुर्ची मोडकी, बढती कधी मिळाली नाही. मान म्हणून मिळालेली तेवढी एकच गोष्ट होती.

त्यांचे यजमान पुस्तकांचं बाइंडिंग करतात, म्हणून आम्ही त्यांना बाइंडरच म्हणतो. अतिशय सरळ माणूस, पण बाईंच्या मते जगातला पहिल्या नंबरचा धांदरट. "आमच्या ह्यांना काही म्हणजे काही जमत नाही," हे वाक्य मी डबा खाताना रोज ऐकलेलं आहे. दूध ह्यांच्या हातून उतू जातं. छत्री ह्यांची हरवते. बाइंडिंगचे पैसे हातात टिकत नाहीत, कुठे जातात ते देव जाणे. मीही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या जागेसाठी बाईंचं नाव नक्की होतं आणि साहेबांनी भलत्याच कुणाला तरी बसवलं. बाई तीन आठवडे रजेवर गेल्या. नेमकी त्याच वेळी कंपनीने खिडकीवरच्या लोकांची फुकट कनेक्शनची सवलत काढून टाकली. तारेवरच्या मुलांची तेवढी ठेवली. माझ्या घरापर्यंत तेव्हा तारच आली नव्हती, त्यामुळे मला सोयरसुतक नव्हतं. म्हणजे तोटा फक्त एका माणसाला होणार होता, आणि त्या माणसाचं पत्र घरी गेलं ते बाइंडरच्या हातात पडलं.

बाई कामावर परतल्या त्या आठवड्यात बाइंडर माझ्या खिडकीशी आले. दुपारचा एक वाजला होता, बाई आत डबा खात होत्या. त्यांनी बिल आणि मोजलेल्या नोटा आत सरकवल्या. "तिला एवढ्यात सांगू नका," म्हणाले. "सध्या जेवत नाही धड. जरा सावरली की मीच सांगतो." असं पाच महिने चाललं. मग जेवणाच्या सुट्टीत दोन्ही खिडक्या बंद ठेवायचा हुकूम आला आणि बाइंडर यायचे थांबले. शेवटच्या वेळी म्हणाले, "आता तुमची सुटका." मी समजलो, सांगितलं असेल. पुढे फुकटच्या नेटचा विषय बाई काढत, तेव्हा मला वाटे, जुनी ऐट आहे, सुटत नसेल. विचारायचं धाडस मला झालं नाही. बाईंना असलं काही विचारायला वाघाचं काळीज लागतं.

तर त्या सोमवारी साहेब साडेदहापर्यंत आले नाहीत. बाहेर रांग लागली. बाई म्हणाल्या, "थांबा, कुणी तोडलंय ते मीच बघते," आणि त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर घरचा ग्राहक क्रमांक टाकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी उठलो, "बाई, राहू द्या ना, साहेब येतील," असं काहीतरी बोललो, पण तोवर स्क्रीन उघडली होती.

कनेक्शन तोडण्याचं कारण: बिल भरलेलं नाही. मुदत दहा तारीख.

"बघा," बाई म्हणाल्या. "मला बिल लावलंय. मला." आणि त्या खाली गेल्या, जुन्या नोंदींकडे. तिथे एकही जागा रिकामी नव्हती. दर महिन्याला बिल, दर महिन्याला भरणा. बाईंचा हात माउसवर तसाच थांबला. मी त्यांच्या खांद्यामागून वाचत होतो. माझी कल्पना पाच महिन्यांची. इथे तर शंभराच्या वर नोंदी होत्या.

पहिले पाच रोख, माझ्या खिडकीवर, माझ्या सहीने. मग दोन चेक. चेक दोनच का, ते बाईंना लगेच समजलं, कारण चेकची पेटी उघडायचं काम त्याच्या पुढच्या महिन्यापासून त्यांच्याकडे आलं होतं. मग सव्वा वर्ष कोपऱ्यावरचं दुकान. मग दोन वर्षं यंत्र.

"कुठलं यंत्र?" बाईंनी मला विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आपलंच," मी म्हणालो. "पोर्चमधलं."

बाईंच्या खुर्चीपासून दहा पावलांवर ते यंत्र होतं. नोंदीत वेळाही असतात. सकाळी सहा चाळीस. सहा पस्तीस. सहा पन्नास.

"गुडघ्यासाठी चालायला जायचे," बाई म्हणाल्या. "मी चिडवायचे, तालुकेदारासारखे फिरायला निघाले म्हणून."

यंत्र कंपनीने काढून नेलं तेव्हा एक महिना बँकेतून परस्पर. एकच महिना, कारण पासबुक छापून आणतात बाई. त्यांना तो महिना आठवला. "ही रक्कम कसली कापली म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, बँकेची चूक असेल, मी बघतो." आणि त्यानंतर पाच वर्षं फोन. पाच वर्षं, दर महिन्याच्या नऊ तारखेला, फोनवरून. हा फोन बाईंनीच त्यांना घेऊन दिला होता आणि वर बजावलं होतं, की आला फोन तर उचला, बाकी कशाला हात लावू नका.

सहाच्या सहा वाटा त्या माणसाने पालथ्या घातल्या होत्या. ज्याला काही जमत नाही, त्याने. आणि या महिन्यात पैसे का भरले गेले नाहीत, ते सांगायला कुणी नको होतं. आठ तारखेला बाइंडरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस फोन बघायची बंदी केली होती, आणि फोन उशाखालून काढून कपाटात ठेवला होता तो बाईंनीच.

रांगेतला पहिला माणूस काचेवर नाणं वाजवत होता. बाई वळल्या. मला वाटलं, आता त्याची खैर नाही. पण त्यांनी मुकाट्याने त्याचं बिल घेतलं, शिक्का मारला, सुटे परत केले. मागच्या महिन्याचं राहिलं होतं त्याचं. दिवसभर त्यांनी कुणालाच काही ऐकवलं नाही आणि मला ते ऐकवण्यापेक्षा जास्त लागलं. चार वाजता गल्ला बंद करताना म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं."

"सुरुवातीचं," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो, सुरुवातीचंच."

"चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत बाइंडिंगचं टेबल, त्यावर दाब द्यायचं लोखंडी यंत्र, खळीचा वास. बाइंडर आतल्या पलंगावर डोळ्याला प्लास्टिकची झापड लावून पडलेले. पावलं ऐकून उठून बसले.

"नेट आलं का गं?"

"नाही आलं," बाई म्हणाल्या. "पैसे भरले नव्हते."

बाइंडरनी चेहरा माझ्या दिशेने वळवला. "तुम्ही सांगितलंत?"

"मी नाही," मी म्हणालो. "बाईंनी स्वतः बघितलं स्क्रीनवर."

बाई उभ्याच होत्या. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "सगळ्या नातेवाइकांत मी नाक वर करून बोलत होते आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होता. माझी कीव करत होता? मला काय समजलात तुम्ही?" राग होता, पण त्या रागाला नेहमीची धार नव्हती. त्या घाबरल्या होत्या. आपण इतकी वर्षं कुणाच्या जिवावर ऐट मारली ते कळलेल्या माणसाची भीती होती ती.

"कीव नाही गं," बाइंडर म्हणाले. "पहिल्या महिन्यात सांगणारच होतो. पण तू जेवायला लागली होतीस. म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू. पुढचा महिना आला, तेव्हा वाटलं, आता कशाला. मग पुढे मला ते आवडायलाच लागलं."

"काय आवडायला लागलं?"

"भरायला." ते चाचपडत चादर नीट करू लागले. "तू म्हणतेस ते खोटं नाही. माझ्या ऑर्डरी वेळेवर जात नाहीत. दूध उतू जातं. पण हे एक काम माझं होतं. यंत्र शिकलो. फोनवरचं शिकलो, त्याला दोन महिने लागले. तुला कळू न देता शिकलो. नऊ वर्षांत एकदाही चुकलो नाही मी. आणि या महिन्यात... दवाखान्यात पडल्या पडल्या दिवस मोजत होतो. तुला सांगता येईना, दुसऱ्या कुणाला सांगता येईना."

झापडीखालून पाणी आलं. बाई एकदम ओरडल्या, "रडू नका. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणून." आणि स्वतः पदराने तोंड पुसायला लागल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

मग त्यांनी कपाटातून फोन काढला आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "कसं भरतात ह्याच्यावरून?"

दिवसभरात इतके धक्के बसले होते, तरी हा मला नवीन होता. गावाला बिल भरायला शिकवणाऱ्या बाईंनी जन्मात एकदाही बिल भरलं नव्हतं. सहा वाटा त्यांना काचेच्या आतूनच माहीत होत्या.

"निळा चौकोन असेल वरच्या रांगेत," डोळे मिटून बाइंडर सांगू लागले. "दाबलास? आता खाली सरकव. आपला नंबर आधीच घातलेला आहे. शेवटचे तीन आकडे वाचून दाखव." बाईंनी वाचून दाखवले. "बरोबर. आता 'भरा' म्हणून असेल, ते दाब. घाई करू नकोस, गोल फिरतं थोडा वेळ."

"पिन मागतंय," बाई म्हणाल्या. "काय आहे?"

"पिन कुणाला सांगायचा नसतो."

"बायकोलासुद्धा?"

"तूच सांगतेस ना लोकांना."

बाईंनी फोन त्यांच्या हाताखाली धरला. "कोपऱ्यातल्या एक आकड्यावर माझा अंगठा टेकवून दे," बाइंडर म्हणाले, "बाकीचे मला कळतात." त्यांनी टेकवून दिला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, खिडकीशी एखादा ग्राहक आपल्या फोनवर पिन टाकतो तेव्हा फिरवतात तसं. बाइंडरनी एकामागून एक चार आकडे दाबले. फोन वाजला.

"गेले का पैसे?"

"गेले." बाई पडद्यावरचा मजकूर वाचत होत्या. "पाच दिवस उशीर झालाय. पुढच्या बिलात दंड लागून येणार."

बाइंडरचा चेहरा उतरला. नऊ वर्षांत त्यांना दंड कधी लागला नव्हता.

"दंड मी भरीन," बाई म्हणाल्या. "फोन मी लपवला होता. बिल तुमचं."