माळावरचे चार चौकोन

फक्की मारायला माझा हात चांगला आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्याआधी मला फक्त अहवाल लिहिता येतात, असा माझा समज होता.

मी बांधकामाआधीच्या पाहणीचा माणूस. सोलापूरच्या आसपास कुणी माळावर वसाहत उठवायची ठरवली, की तिथं आधीपासून कोण राहतंय ते बघायचं. लांडगा, खोकड, ससा, टिटवी. माणूस सोडून सगळ्यांची चौकशी. त्यातही माझी ख्याती नियोजनाची. कुठल्या महिन्यात जायचं, पहाटे किती लवकर, कुठून कुठं चालायचं, वारा कुठल्या अंगाला ठेवायचा. माझं नियोजन वाचून जनावरांनी आपणहून हजेरीला यावं, असा माझा थाट.

हायवेलगतच्या एका माळाचं काम आलं. मुख्य पाहणीच्या आधी मी एकटाच ऐन उन्हात चक्कर मारायला गेलो, आणि एका कोपऱ्यात माळटिटवीची चार घरटी सापडली. घरटं म्हणजे काय, तर जमिनीत जरासा खळगा, भोवती खडे आणि मधे मातीच्याच रंगाची अंडी. पाय पडला तरी पायाला कळू नये, अशी. पिल्लं बाहेर येऊन पळायला लागेपर्यंत तेवढा तुकडा कुणी तुडवला नाही की झालं. बाकी काही मागणं नव्हतं.

मी तडक मालकांच्या ऑफिसात. भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो. कायदा, निसर्ग, पुढची पिढी, सगळं पाठ. मालकांनी चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाऊस पडेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावत नाही. झालं?"

"कुणीसुद्धा जायचं नाही तिकडं."

"नाही जाणार, सर. बिस्किट घ्या की."

इतक्या सहज जिंकल्यावर शहाण्या माणसाला संशय आला असता. मला अभिमान वाटला.

आता घरट्यांभोवती खूण करायची. इथं माझी अक्कल चालली. काठ्या रोवून लाल फडकी बांधली, तर काठीवर कावळा बसणार आणि अंडी हेरणार. म्हणून फक्की, मैदान आखायची पांढरी पूड. जमिनीला चिकटून राहते, कावळ्याला टेकायला जागा नाही आणि माणसाला लांबून दिसते. आधी गोल काढून बघितला, तो बटाट्यासारखा झाला. मग दोरी लावून चौकोन काढले. चारही कोपरे काटकोनात. पुढं एक, दोन, तीन, चार असे आकडेही टाकले. घरी येऊन बायकोला फोटो दाखवला.

"तसबीर लावताना कुठं जातो हो हा हात?" ती म्हणाली.

नियोजनात हा तुकडा 'प्रवेश निषिद्ध' म्हणून घातला. इंग्रजीत, जाड अक्षरात. एक प्रत मालकांना, एक आर्किटेक्टला, एक मला. साईटवर जाऊन कुणाला दोन शब्द सांगावेत, हे मात्र नियोजनात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पाहणीला पोचलो, तर फक्की नव्हती. चौकोन होते. चार खड्डे, छातीएवढे खोल, कडा कापल्यासारख्या सरळ. शेजारी मुरमाचे ढीग, आणि लिंबाखाली जेसीबी. सुपरवायझर दात घासत सामोरा आला. गडी मोडनिंबचा.

"या की सायेब! आकणी तुमीच केली व्हय? लई ब्येस. कोपरं कसं गुण्यात हायत, आन् नंबर बी टाकल्यात."

"हे खोदायला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? फक्की दिसली की खोदायचं. म्हणलं पाण्याच्या टाकीच्या चार खांबांची जागा बदलली आसंल."

जेसीबीवाला केबिनमधून वाकला. "क्या हुआ साब? कुछ कम-जास्ती हुआ क्या? लाइनच्या भायेर एक इंच न्हाय गेलो मी."

"तिथं अंडी होती."

दोघंही खड्ड्यात डोकावले. "कशाची?"

"टिटवीची."

सुपरवायझरनं तोंडातला फेस थुंकला. मग हळूच म्हणाला, "मग फक्की कशाला मारायची ओ, सायेब?"

मी खिशात फोन शोधायला लागलो.

मालकांना फोन लावला. ते चक्क हळहळले. "अरेरे. अहो, त्या कोपऱ्यात प्लॅनमध्ये गार्डन आहे, सर. तिथं आम्ही काही बांधणारच नव्हतो. पावसाळ्यापर्यंत तर तिकडं कुणी फिरकलंही नसतं."

म्हणून बिस्किट एवढ्या प्रेमानं मिळालं होतं. त्या कोपऱ्यात जायला कुणालाच कारण नव्हतं. कारण मी पुरवलं, दोरी लावून.

"हे अहवालात लिहावं लागेल," मी आवाज चढवून म्हणालो.

"लिहा की. फक्की कुणी मारली तेही लिहा."

आवाज उतरला. बाकीची पाहणी नियोजनाप्रमाणे तंतोतंत पार पडली. घरट्यांपुढं मी लिहिलं, 'पाहणीच्या काळात आढळली नाहीत.' यातला एकही शब्द खोटा नाही. भाषेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. मालकांनी पुढं दोघा बिल्डरांना माझं नाव सुचवलं. म्हणाले, माणूस समजूतदार आहे, कुठं अडवत नाही.

पाहणीच्या शेवटच्या दिवशी त्या कोपऱ्यात गेलो. खड्डे बुजवून वर मुरूम दाबला होता. पहिल्या खड्ड्याच्या जागी एक माळटिटवी उभी होती. मला बघून ओरडली, आणि माझ्यापुढं तुरुतुरु पळायला लागली. थोडं पळायचं, थांबायचं, मी येतोय ना ते बघायचं, पुन्हा पळायचं. अंड्यांपासून माणसाला लांब न्यायची त्यांची ही जुनी रीत.

मी मुकाट तिच्या मागं गेलो. तिनं नेलं तितकं लांब.