उरलेला सामना कोण खेळलं?

भारताकडून मी रग्बीचा एकच सामना खेळलो आणि त्यातला अर्धाअधिक मला आठवत नाही. राष्ट्रगीत आठवतं. समोरच्या धिप्पाड गड्याचा गुडघा कानशिलाकडे येताना आठवतो. त्यानंतर थेट परदेशातल्या हॉस्पिटलचं पांढरंफटक छत. मधल्या वेळात मी म्हणे शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळलो, हॉटेलातून गिरगावात वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन केला आणि मगच कोसळलो.

बँकेतली नोकरी सोडून मी या 'अंड्याच्या खेळात' पडलो, तेव्हापासून अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चेंडूच्या आकारावरून ते नाव त्यांनीच ठेवलेलं. आणि मी परत आलो तर हे चाळीच्या जिन्याशी उभे! माझी बॅग त्यांनीच उचलली. "फोनवर छान बोललास रे," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की काय बोललो ते विचारलंच नाही.

डॉक्टरांनी माझा खेळ कायमचा बंद केला. अण्णांना मात्र त्या सामन्याचा नाद लागला. दिवाबत्ती झाली की रोज टीव्हीवर तेच रेकॉर्डिंग. मला ते बघवत नाही. मार खाऊन पडलेला मी उठतो, पण उठतो तो मी वाटत नाही. समोरच्याला मी नेहमी डाव्या खांद्याने आडवा पाडायचो, हा उजव्याने पाडतो. कॅमेरा जवळ आला की हसतो. मैदानात मी कधीच हसलेलो नाही.

परवा सामना चालू असतानाच अण्णा म्हणाले, "तुला ताप होता, मी तुला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या, रडलो. ते तू फोनवर बोललास ना, तिथेच माझा राग गेला."

"केवढा होतो मी?"

"रांगतही नव्हतास."

"आईने सांगितलं असेल."

"ती हॉस्पिटलात होती. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही."

मी उठून त्यांच्यापुढे उभा राहिलो. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं, पण राहवलं नाही.

"अण्णा, तो फोन मला आठवतच नाही. कोण बोललं, काही माहीत नाही."

"मग मी माफ केलं कोणाला?"

माझ्या पाठीमागे टीव्हीवर प्रेक्षक ओरडत होते. अण्णा मान वाकडी करून पलीकडे बघायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यांनी आत आईला हाक मारली.

"अगं, याला जरा बाजूला व्हायला सांग. तो दिसत नाहीये."