आमच्या भावकीला एकही जनावर नाही

कादंबरी लिहिली तेव्हा मला वाटलं होतं, गावात ही कोण वाचतंय? आमच्या कर्जतकडच्या त्या गावात पेपर येतो तो भज्यांखाली घालायला. म्हणून बिनधास्त लिहून टाकली. मोकाट जनावरं धरून कोंडतात तो कोंडवाडा, आणि तिथं जनावरं निवडणूक घेतात. एक धिप्पाड वळू निवडून येतो आणि सगळ्यांचा कडबा एकटा खातो. त्याच्या वतीनं बोकड भाषणं ठोकतो, मेंढरं टाळ्या वाजवतात. मेंढरं टाळ्या कशी वाजवतील, असं आमच्या ह्यांनी विचारलंही. म्हटलं, गप बसा, कादंबरी आहे!

आता वळू म्हणजे कोण, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना दादा म्हणतात. आणि मी त्यांच्याच शाळेत मराठीची बाई, अजून कायम न झालेली. कायमची ऑर्डर निघायची ती दादांच्या सहीनं. थोडक्यात, मी माझ्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

कारण गावानं पुस्तक वाचलं हो! वाचलं म्हणजे काय, पार चोथा केला. पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले. बोकड कोण, ह्यावरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले. आळशी मांजर कोण म्हणून बायका सासूबाईंना विचारायला आल्या, तर सासूबाई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या. वरच्या आळीचे एक काका तर तावातावानं घरीच आले.

"बाई, तुमी समद्यांना घेतलं. आमच्या भावकीला येकबी जनावर न्हाई? आमी काय मेलो व्हय?"

"अहो काका, त्यात सगळ्यांची टिंगल केलीय."

"आसू द्या की! गाढव द्या, पन द्या!"

ते गेल्यावर मी ओट्याला धरून इतकी हसले की दूध उतू गेलं. पण हसू ओसरलं की ऑर्डर आठवायची. दादांकडून मात्र चकार शब्द नाही.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला बैलांच्या अंगावर रंगानं काहीबाही लिहितात. कुणी कांद्याला भाव मागतो, कुणी पोरासाठी बायको मागतो. मानाची जोडी दादांची, दारोदारी पहिली तीच येते. मी ओवाळायला ताट घेऊन उभी, हलगी कडाडतेय, पोरं नाचतायत, आणि समोर दादांचा पांढराशुभ्र बैल. त्याच्या कुशीवर लालभडक अक्षरांत लिहिलेलं: मीच कोंडवाड्याचा अध्यक्ष!

अगं आई गं! कासरा खुद्द दादांच्या हातात. माझी खात्रीच पटली, कुण्या टारगटानं रंगवलंय आणि दादांनी अजून पाहिलेलं नाही. मी ताट सासूबाईंच्या हातात कोंबलं, धावले आणि झूल ओढून ती अक्षरं झाकायला लागले. बैल हलला, झूल घसरली, मी झुलीसकट खाली. सगळी आळी खो खो हसली. मीही हसत सुटले, थांबताच येईना.

"ऱ्हाऊ द्या, बाई," दादा म्हणाले. "मीच लिव्हाया लावलंय."

मी धूळ झटकत उठले. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वळू मीच ना?"

मी मान डोलावली.

"लई हसलो वाचून. येक सांगा. कुनी बोकड झालं, कुनी कोल्हा. गाढवासाठी बी भांडाया आले म्हनं. पर 'मेंढरू मी हाय' म्हनून कुनी आलं का तुमच्याकडं?"

मी आठवून पाहिलं. एकेक चेहरा डोळ्यांपुढं आणला.

"नाही, दादा."

"मग मला कशाचं भ्याव? सोमवारी हापिसात या, ऑर्डर तयार ठिवतो. आन् दुसरं पुस्तक लिव्हा."

कायम झाले! गिरकी घ्यावी असा आनंद झाला, अगदी खरं सांगते. सासूबाईंनी ताट पुढं केलं. मी बैलाला कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली, आणि भरवता भरवता मला रडू फुटलं. एवढं पुस्तक लिहिलं, आणि ते कुणाला झोंबलंच नव्हतं.