लेओकादियाबाईंचा जांभळा कागद

ला लोमा गावात कोणता चित्रपट पाहणे योग्य, हे लेओकादियाबाई ठरवत असत. आणि कोणता पाहायचा, हे गाव त्यांच्याच निर्णयावरून, पण नेमके उलट्या बाजूने ठरवत असे.

चर्चच्या मोठ्या दारावर, उजव्या फळीवर, दर शनिवारी सकाळी एक कागद चिकटे. पांढरा असेल तर चित्रपट सर्वांसाठी. पिवळा असेल तर श्रद्धा पक्की असलेल्या प्रौढांसाठी. आणि जांभळा असेल, म्हणजे उपवासकाळात ज्या रंगाच्या कापडाने मूर्ती झाकतात त्या रंगाचा, तर तो चित्रपट पाहणे हे पाप. खाली बाईंची बारीक, उभ्या वळणाची सही. वास्तविक अशा निवाड्यांचे छापील पत्रक राजधानीहून टपालाने येत असे. पण ते येईपर्यंत चित्रपट गावातून जाऊन तीन आठवडे झालेले असत, आणि जे पाप करायचे ते गावाने आधीच करून टाकलेले असे. त्यामुळे फादर अनासेतोंनी स्थानिक परीक्षक नेमण्याचे ठरवले. स्वतः पाद्रीच चित्रपटगृहात दिसला तर बोभाटा झाला असता. पुरुषांवर त्यांचा भरवसा नव्हता. विवाहित स्त्रियांना घरी गेल्यावर नवऱ्याने खोदून खोदून विचारले असते. उरल्या त्या दोरे-बटणांचे दुकान चालवणाऱ्या, पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, अविवाहित लेओकादियाबाई. त्यांना पापाचा वारासुद्धा लागणार नाही, अशी फादरांची खात्री होती. पापाची बाईंशी ओळख खरोखरच चित्रपटांतून झाली. मात्र काही वर्षांत ती ओळख गावातल्या कोणाहीपेक्षा दांडगी झाली.

शुक्रवारी दुपारी ग्वादालाहाराच्या बसने फिल्मचे डबे येत. चित्रपटगृहाचे मालक आंगुलोशेट एकट्या बाईंसाठी खेळ लावत. बाई घरून उशी आणत, मधल्या रांगेत मधोमध बसत आणि हातात वीतभर पांढरा दोरा धरत. पडद्यावर काही आक्षेपार्ह घडले की दोऱ्याला एक गाठ. चुंबनाला एक, लांबलेल्या चुंबनाला दोन, आणि दार बंद होऊन दिवा मालवला गेला तर तीन. कारण, बाईंच्या मते, जे दाखवले नाही त्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. खेळ संपला की गाठींवरून रंग ठरे. कागद आणि दोरा दोन्ही फादरांच्या हाती जात, आणि दोरा हाच पुरावा मानला जाई.

गावाने या व्यवस्थेचा अभ्यास कसून केला होता. जांभळ्या कागदाच्या आठवड्यात आंगुलोशेटना बाकांशेजारी खुर्च्या मांडाव्या लागत. पिवळ्याला नवविवाहित आणि साशंक वृत्तीची माणसे येत. पांढऱ्याला येत त्या अनाथाश्रमाच्या मुली, त्यांना घेऊन आलेली नन आणि शेटजींच्या सासूबाई. काही जण कागदाचीही वाट पाहत नसत. औषधवाल्याची बायको ब्रिखिदा शुक्रवारी दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून बाई बाहेर पडण्याच्या क्षणावर नजर ठेवी. बाई सरळ घरी गेल्या तर पांढरा. वाटेत चर्चमध्ये डोकावल्या तर पिवळा. आणि बेकरीत शिरून गोड पाव घेतला तर निश्चित जांभळा, कारण फार गाठी मारल्या की बाईंना भूक लागे.

"ताई, जरा जांभळ्याकडे झुकवा की," आंगुलोशेट दर शुक्रवारी भोपळ्याच्या बिया सोलत विनवत. "नायिका नाचली ना? गुडघा दिसला ना?"

"गुडघा नव्हता. घोटा होता."

"तुमच्या घोट्यावर माझं पोट चालतंय होय? पांढरा लावलात की मी, माझी सासू आणि त्या पोरी. सासू तर झोपते. पोरी तिला उठवतात, ती मला शिव्या घालते."

बाई मात्र बधत नसत. आपल्या सहीखाली खोटे कधी गेले नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि त्या अभिमानाखाली एक दुःख होते ज्याची वाच्यता त्यांनी कोणाकडे केलेली नव्हती. त्यांना मनापासून आवडलेले चित्रपट बहुतेक पांढरे असत. म्हणजे, जे त्यांनी छातीशी धरून घरी आणले, ते गावात दुसऱ्या कोणी पाहिलेलेच नसत. एकदा त्या ब्रिखिदाला उत्साहाने एक कथा सांगू लागल्या, तर तिने डाळिंब सोलता सोलता विचारले, "पांढरा होता ना? मग काय सांगतेस!" एवढे चित्रपट पाहिलेल्या त्या गावातल्या एकमेव व्यक्ती, आणि बोलायला समोर माणूस नाही, अशी ही अवस्था होती.

त्या शुक्रवारी आलेला चित्रपट भिंतीचा होता. एक विधवा आणि एक विधुर शेजारी राहतात. पावसात त्यांच्या अंगणांमधली भिंत कोसळते. तो कच्च्या विटा थापून ती पुन्हा बांधतो. कथा म्हणाल तर इतकीच. आरंभी दोघे एकमेकांना आपादमस्तक दिसतात. मग भिंत गुडघ्याला येते, कंबरेला येते, खांद्याला येते. भिंत चढते तसे दोघे अधिक बोलू लागतात, आणि बोलण्यासारखे खूप साठते तेव्हा पलीकडून फक्त त्याची हॅट दिसत असते. शेवटी एक वीट राहते. तो ती हातात घेऊन बराच वेळ उभा राहतो. मग बसवतो.

बाईंच्या दोऱ्याला एकही गाठ नव्हती. चष्मा मात्र दोनदा पुसावा लागला होता.

"शेटजी, शेवटचा भाग पुन्हा लावाल?"

आंगुलोशेटच्या हातातली बी हातातच राहिली. असे बाईंनी कधी मागितले नव्हते. "का हो ताई? गाठ सुटली का एखादी? माझं लक्ष होतं, काही म्हणजे काही झालं नाही."

"लावा तर."

त्यांनी लावला. संपल्यावर ते सुस्कारा टाकून म्हणाले, "पांढराच ना? मग उद्याच्याच बसने डबे परत. खेळ लावतच नाही. ह्या भिंतीसाठी दिवा जाळायचा म्हणजे माझी सासू झोपावी म्हणून मी वीज पुरवायची."

"एक खेळ तरी लावा."

"जांभळा लावा, चार लावतो."

बाई त्या दिवशी ना सरळ घरी गेल्या, ना चर्चमध्ये, ना बेकरीत. चौकातल्या बाकावर बसून राहिल्या. पायरीवरच्या ब्रिखिदाचा सगळा हिशेब कोलमडला. "अहो," ती आत नवऱ्याला म्हणाली, "ह्याला बहुतेक नवीनच रंग काढावा लागणार!"

घरी येऊन बाईंनी पिठाची खळ शिजवली. टेबलावर तिन्ही रंगांचे कागद ठेवले. पांढरा लावणे खरे होते, आणि खरे लावले की ती भिंत कोणाच्याही नजरेस न पडता उद्या बसच्या टपावरून निघून जाणार होती. जांभळा लावला की सगळा गाव ती पाहणार होता. गावातल्या एका तरी माणसाला ती शेवटची वीट खुपली असती, आणि त्याच्याशी बोलता आले असते. पण मग इतक्या वर्षांच्या सहीचे काय? खळ थंड होऊन तिच्यावर साय धरली. अखेर बाईंनी जांभळा कागद उचलला आणि सही केली. मात्र दोऱ्याला खोट्या गाठी मारायला त्यांची बोटे तयार होईनात. कागद खोटे बोलला तर बोलू दे, दोरा नको, असा काहीसा विचित्र तह त्यांनी स्वतःशी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर अनासेतोंनी कागद पाहिला, भुवया उंचावल्या, आणि दोरा चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जपमाळेसारखा ओढला. मग पुन्हा उलट ओढला.

"जांभळा?"

"हो, फादर."

"आणि गाठी?"

"या खेपेला... दोरा तेवढा आहे."

फादरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. बाईंनी फरशीकडे पाहिले. आता विचारतील, आणि विचारले तर आपण खरेच सांगणार, हे त्यांना ठाऊक होते. पण फादरांनी दोरा गुंडाळून झग्याच्या खिशात टाकला. "बरं," ते म्हणाले. "लावा कागद."

त्या शनिवारी-रविवारी आंगुलोशेटना खुर्च्या कमी पडल्या, म्हणून लोकांनी घरून आणल्या. बाईंना उघडपणे जाता येणार नव्हते; ज्यांनी निषिद्ध ठरवले त्यांनीच जाऊन बसणे बरे दिसले नसते. रविवारी दुपारी त्या दारामागच्या पडद्याआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी प्रथमच चित्रपटाऐवजी प्रेक्षक पाहिले. स्त्रियांच्या शाली कपाळापर्यंत, पुरुषांच्या हॅट भुवयांपर्यंत. मागच्या कोपऱ्यात एक जण तर घोंगडी पांघरून बसला होता. पण जांभळ्या दिवशी तसे बसणारे नेहमीच असत.

प्रेक्षागृहात विलक्षण शांतता होती. ही रसिकतेची नव्हे, तपासाची शांतता होती.

"कुठंय गं?" कोणीतरी कुजबुजले.

"थांब, अजून भिंत कंबरेलाच आलीय."

"त्याने पाणी मागितलं! आता बघ."

"प्यायला."

"नुसतं प्यायला?"

"भांडं परत देताना बोटं बघायची होतीस, मूर्खा! बोटं!"

विधवेने शाल भिंतीवर वाळत घातली तेव्हा ती पलीकडे हातभर लोंबली, आणि ब्रिखिदाने "अगं बाई!" म्हणून शेजारणीचा दंड पकडला. बकरी या अंगणातून त्या अंगणात गेली तेव्हा पुरुषांच्या बाजूला काही जण अस्वस्थ झाले. भिंत पुरी झाली, दिवे लागले, आणि गाव चौकात उभा राहून वाद घालू लागला. एक गट शालीचा होता, दुसरा पाण्याच्या भांड्याचा. लोहाराचे म्हणणे असे, की एवढे भयंकर काही असणार की दाखवायची त्यांची छातीच झाली नाही. पुढे तीन आठवड्यांनी राजधानीचे पत्रक आले आणि त्यात हा चित्रपट सर्वांसाठी असल्याचे निघाले, तेव्हा गावाने एकमताने निष्कर्ष काढला, की राजधानी आता हाताबाहेर गेली.

बाई मात्र चौकातून जाताना प्रत्येक घोळक्याजवळ पाऊल रेंगाळवत होत्या. शाल ऐकली, बकरी ऐकली. त्या शेवटच्या विटेबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. सगळा गाव भिंतीसमोर बसून आला होता आणि भिंत कोणालाच दिसली नव्हती. म्हणजे खोटे बोलून हाती काय आले? सोमवारी डबे बसवर चढले. सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर बाई पापनिवेदनाच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे ब्रिखिदा, आणि ब्रिखिदाच्या मागे आदल्या दिवशी चित्रपट पाहिलेला निम्मा गाव.

लाकडी जाळीपलीकडे फादरांची सावली हलली. पाठीमागचा पडदा ओढून बाई गुडघ्यांवर बसल्या.

"फादर, मी खोटं लिहिलं. माझ्या सहीनं. त्या चित्रपटात पाप नव्हतं."

"का लिहिलंत?"

"कोणीतरी पाहावा म्हणून. मला कोणाशी तरी बोलायचं होतं त्याच्याबद्दल." हे मोठ्याने उच्चारल्यावर ते किती क्षुल्लक वाटते, हे त्यांना कळले आणि त्यांचे कान तापले.

जाळीपलीकडे झग्याचा खिसा चाचपल्याचा आवाज झाला. मग एका भोकातून काहीतरी पांढरे आत येऊ लागले. तो दोरा होता. बाईंनी टोक धरून ओढला. अर्ध्यापर्यंत सरळ आला आणि तिथे अडकला. जरा जोर लावल्यावर सुटून हातात आला. मधोमध एक गाठ होती. बाईंच्या गाठी बारीक, घट्ट असत. ही ओबडधोबड, कधी सुई न धरलेल्या माणसाची.

"घोंगडीत फार उकडलं," फादर म्हणाले.

बाईंनी ती गाठ अंगठ्याने चाचपली.

"त्याने शेवटची वीट हातात घेतली ना," आवाज अगदी खाली आला, "तेव्हा मी मनात म्हणालो, गाढवा, टाक ती वीट आणि भिंतीवरून उडी मार! मी म्हणालो, लेओकादियाबाई. हा झगा घालणारा मी. तेव्हा कागद खोटा म्हणू नका. तुमची गाठ राहिली होती, ती मी मारली."

बाईंनी तो दोरा मुठीत घट्ट धरला. नियमाप्रमाणे आता प्रायश्चित्त विचारायचे, क्रूसाची खूण करायची आणि उठायचे. त्याऐवजी त्या जाळीकडे अधिक सरकल्या.

"पण फादर, उडी मारली असती तर भिंत बांधली कशाला म्हणायचं त्यानं?"

"बांधली नसती तर तिच्याशी बोलला असता का तो?"

"तेच तर मी म्हणते! आणि ती हॅट पाहिलीत? नुसती हॅट दिसते तेव्हा ती हसते, आधी कधी हसत नाही..."

"पाहिली. पण शालीचं तुम्हाला काय वाटलं? मला ती शाल जरा जास्त झाली."

"जास्त कशी? फादर, तुम्ही नीट पाहिलेलं नाही."

बाहेर रांग दारापर्यंत पोहोचली होती. ब्रिखिदाने एक पाय बदलला, दुसरा बदलला, मान लांब करून पडद्याखालून दिसणाऱ्या बाईंच्या टाचांकडे पाहिले. त्या हलायची चिन्हे नव्हती.

"इतका वेळ!" ती मागच्या बाईला कुजबुजली. "हिनं केलंय तरी काय?"

"दिसतंय ना," मागची बाई म्हणाली आणि ऐसपैस जमिनीवर बसली. "जांभळं."