कोपऱ्यातल्या चांदण्या

शनिवारी सकाळपासून पडदेकाकूंच्या हातून रिळं पडत होती. पडत होती म्हणजे काकूच पाडत होत्या. शिवणयंत्राच्या शेजारी खुर्ची टाकून काका पेपर चाळत बसले होते. काकू कोपराने रीळ हळूच टेबलाच्या कडेला सरकवायच्या, ते घरंगळायचं, आणि त्या श्वास रोखून नवऱ्याच्या हाताकडे बघायच्या. पांढरं रीळ काकांनी वरच्यावर झेललं. पिवळंही झेललं, आणि वर म्हणाले, "आज काय हाताला तेल लावून बसलीस?" गडद निळं मात्र त्यांच्या गुडघ्याजवळून गेलं आणि खाली पडलं. आवाज झाला तेव्हा कुठे त्यांनी पेपर बाजूला केला आणि वाकून चाचपायला लागले.

"कुठे गेलं गं?"

रीळ त्यांच्या चपलेला टेकून पडलं होतं. 

काकू घरी बसून लोकांच्या दारं-खिडक्यांचे पडदे शिवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना पडदेकाकू म्हणायची. काकांना नाव ठेवलं होतं मुलांनी. ते शाळेची बस चालवायचे, आणि इतकी जपून चालवायचे की मुलं त्यांना हळूकाका म्हणायची. वळणाच्या बरंच आधी गिअर उतरवायचे, समोर कुत्रं दिसलं तरी थांबून त्याला आधी जाऊ द्यायचे. सायकलवाले मागून येऊन पुढे निघून जायचे आणि जाताना उगाच घंटी वाजवायचे. काका हसायचे. मागे पोरं बसलीत, कांदे-बटाटे नाहीत, असं म्हणायचे.

हाच माणूस घरी आला की ताशी दोनशेच्या वेगाने गाडी हाणायचा. मोटारींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम होता घरात. लेकीने घेतला होता. तिने तो एका सुट्टीत संपवला, तिचं मन उडालं, आणि पुढे नोकरीला दुसऱ्या गावी जाताना ती तो इथेच ठेवून गेली. काका पहिले काही महिने त्यावरची धूळ तेवढी पुसायचे. मग सकाळची फेरी संपल्यावर आणि दुपारची सुरू होण्याआधी जो रिकामा वेळ असतो, त्यात एकदा सहज तो हातात घेतला, आणि मग तो काही हातातून सुटेना.

लेक फोनवर विचारायची, "बाबा, तोच खेळ अजून? कंटाळा कसा येत नाही तुम्हाला?" कंटाळा येऊ नये याची तजवीज काका स्वतःच करायचे. एक आठवडा ते फक्त पावसात गाडी चालवायचे. एक आठवडा धुक्यात. एक आठवडा उलट्या दिशेने. कधी मुद्दाम शेवटच्या गाडीच्या मागे राहायचे आणि ती का मागे पडते ते बघत बसायचे. बक्षिसात मिळालेल्या भारी गाड्या त्यांनी तशाच ठेवल्या होत्या, स्वतः एक बाटलीसारखी हिरवी जुनी मोटार घ्यायचे. सगळ्यांत लाडका नियम म्हणजे कुणालाही धक्का न लावता पहिलं यायचं. तो पाळता आला की त्या दिवशी बस न्यायला जाताना शीळ घालायचे.

शिवणयंत्र आणि टीव्ही एकाच खोलीत. काकूंची पाठ टीव्हीकडे असायची, पण इंजिनाच्या आवाजावरून त्यांना शर्यत कळायची. अवघड वळण आलं की त्यांचे हात सुईखालचं कापड आपोआप रोखून धरायचे. गिऱ्हाइकांच्या पडद्यांवर मधेच टाके दाट कसे झालेत, याचं उत्तर काकांच्या त्या दुपारच्या वळणांत होतं. खेळ काकांचा, पण त्यात जीव दोघांचाही होता.

मागच्या वर्षी मात्र काका हरायला लागले. आधी तिसरे आले, मग सहावे, मग शेवटचे. हसण्यावारी नेलं काही दिवस, मग बोलेनासे झाले. एका दुपारी त्यांनी तो खेळ कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. त्यानंतर त्या रिकाम्या वेळात ते नुसते बसून असायचे, स्वतःच्या बोटांकडे बघत. जेवणावरची वासना गेली. "हातांत ती मजा राहिली नाही गं," म्हणाले एकदा. आवाज असा होता की काकूंना रडू आलं.

त्यांनी गुपचूप लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "आई, त्यात काय. शर्यतीआधी कोपऱ्यात चांदण्या दिसतात बघ. पाच असल्या की बाकीच्या गाड्या जिवाच्या आकांताने पळतात. एक ठेवलीस की समोरच्याला सांभाळून घेतात. बाबा कायम पाचवर खेळतात. कमी कर ना."

काका आंघोळीला गेले असताना काकूंनी चांदण्या कमी केल्या. पाचाच्या तीन. मग दुपारी लाडीगोडी लावून त्यांना खेळायला बसवलं. काका दुसरे आले. पुढच्या महिन्यात पुन्हा मागे पडायला लागले, तेव्हा काकूंनी तिनाची एक केली. त्या दिवसापासून काका रोज पहिले. घरात शीळ परत आली. काकूंना सुरुवातीला धाकधूक वाटायची, कारण त्या चांदण्या काही लपलेल्या नव्हत्या, प्रत्येक शर्यतीच्या तोंडाशी उजव्या कोपऱ्यात झळकायच्या. काका आज बघतील, उद्या बघतील, असं करत त्या सुई हातात धरून थिजून बसायच्या. काका काहीच बोलले नाहीत. मग काकूंना वाटायला लागलं, पाहिलं असणार, पण आपलं मन मोडू नये म्हणून गप्प राहिलेत. या विचाराने त्या एक-दोनदा या वयात लाजल्याही.

हे सगळं असंच गोड चाललं असतं. पण शुक्रवारी संध्याकाळी काका फेरी संपवून आले आणि हातपाय धुता धुता म्हणाले, "सोमवारपासून मला डोंगराकडची फेरी दिलीय. धरणाच्या कडेची. तिथला ड्रायव्हर सोडून गेला."

काकूंना तो रस्ता माहीत होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, आणि मधे एकामागून एक वळणं.

"तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो. तुला आता सांगायला हरकत नाही. गेल्या वर्षी मी मनातून फार घाबरलो होतो. वाटलं होतं, आपण मंदावलो. मॅनेजरना सांगून शाळेच्या फाटकावर बसायचं काम मागणार होतो, शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मग खेळात पुन्हा पहिला यायला लागलो. रोज. तेव्हा कळलं, सगळा मनाचा खेळ होता." आणि टॉवेलने तोंड पुसत काका मनापासून हसले.

 काकूंसमोरच्या पडद्याची शिवण अर्धी राहिली होती, ती तशीच राहिली. त्यांनी नवऱ्याला खेळात जिंकवलं होतं आणि त्याने ती जीत नेऊन बसच्या स्टिअरिंगवर ठेवली होती. वर्षभर रोज. मागे चाळीस मुलं बसवून.

म्हणून शनिवारी ती रिळं. हात मंदावलेत का, एवढंच काकूंना बघायचं होतं. पण पांढरं झेललं, पिवळं झेललं, म्हणजे हात शाबूत होते. फक्त निळं गेलं. मग काकूंनी तपकिरी रीळ पाडलं. तेही गेलं. आणि काकूंच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली, नको म्हटलं तरी. काकांनी धुक्यातली शर्यत सोडली होती. पावसातली सोडली होती. गेले कित्येक महिने ते फक्त लख्ख उन्हातला रस्ता घ्यायचे. लाडकी हिरवी मोटार जाऊन झगझगीत पिवळी आली होती. खुर्ची टीव्हीच्या दिशेने सरकत सरकत इतकी पुढे गेली होती की काकूंना केर काढताना ती रोज मागे ढकलावी लागायची. आणि त्या चांदण्या. काका मन राखायला गप्प बसले नव्हते. त्यांना त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

 आपण किती लाजलो होतो ते आठवून काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "एकदा डोळे दाखवून या ना."

"झाली की तपासणी शाळेची. रक्तदाब बघितला, गुडघे वाजवले."

"आणि डोळे?"

"भिंतीवरचा तक्ता वाचला की घडाघडा. इतकी वर्षं तोच तक्ता आहे, डोळे मिटूनसुद्धा वाचीन."

काका विनोद करत होते.   सांगितलं तर या माणसाची बस जाणार, खेळ जाणार, आणि बायकोने वर्षभर फसवलं हेही कळणार. नाही सांगितलं तर सोमवार येणार. शनिवारचा उरलेला दिवस काकूंनी जीव मुठीत धरून काढला. गल्लीतून लहान मुलं ओरडत पळाली तरी त्या दचकून खिडकीशी जायच्या आणि डोकी मोजायच्या.

रविवारी जेवण झाल्यावर काका उत्साहात टीव्हीसमोर बसले. "आज डोंगरातला रस्ता घेतो. उद्याची रंगीत तालीम." काकू शिवणयंत्रावरून उठल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"आज काय विशेष?" काका खूश झाले.

टीव्हीवर गाड्या ओळीत उभ्या राहिल्या. काका बटण दाबणार, तेवढ्यात काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. 

"जरा थांबा. वर कोपऱ्यात चांदण्या किती आहेत?"

"पाच," काका म्हणाले. क्षणाचाही विलंब नाही.

"बघून सांगा."

"अगं, बघायचं काय त्यात? कायम पाचच असतात." काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू मावळलं. त्यांनी डोळे बारीक केले. मान पुढे काढली, मग तिरकी केली. मग खुर्चीवरून उठले, टीव्हीपाशी गेले, अगदी नाक लागेल इतके जवळ.  पाठमोऱ्या काकांचे खांदे हळूहळू खाली आलेले काकूंना दिसले.

"एक," काका म्हणाले.

"मी केली. तुम्ही खेळ गुंडाळून ठेवला होतात तेव्हा. मला बघवत नव्हतं." काकूंनी पुढेही बरंच ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. "तुम्हाला दिसत नाही हे माहीत नव्हतं हो. देवाशपथ माहीत नव्हतं."

काका रागावतील अशी काकूंची खात्री होती. रागावले असते तर बरं झालं असतं. ते परत खुर्चीत बसले, फोन उचलला, डोळ्यांपाशी नेऊन नंबर शोधला.

"सर, उद्यापासून माझी बस दुसऱ्या कोणाला तरी द्या." पलीकडून मॅनेजर काहीतरी मोठ्याने बोलले. "नाही, डोंगराकडचीच नाही. जुनी फेरीसुद्धा. डोळे गेलेत माझे." थोडं ऐकून घेतलं. "मी येतो उद्या, चाव्या द्यायला. चालत येतो."

त्यांनी फोन खाली ठेवला. काकूंच्या जिवात जीव आला. डॉक्टर असतात, ऑपरेशनं होतात, चष्मे लागतात, असं काहीबाही त्या भराभर बोलायला लागल्या. काका ऐकत नव्हते. टीव्हीवर गाड्या अजून ओळीत उभ्या होत्या, इंजिनं घुरघुरत होती.

"मागच्या मंगळवारी," काका म्हणाले, "पहिल्या थांब्यावर जात होतो. बस रिकामी होती. पुरतं उजाडलं नव्हतं. डावीकडून काहीतरी आडवं गेलं."



"काय गेलं?"

"माहीत नाही. सावलीसारखं काहीतरी. मी ब्रेक नाही मारला. आरशात बघितलं, काही दिसलं नाही."

"उतरून नाही पाहिलंत?"

"उतरणार होतो. दारापर्यंत हात गेला होता." काकांनी पुन्हा आपल्या बोटांकडे पाहिलं. "मग म्हटलं, कालच तर आपण पहिले आलोय. सावलीच असणार."