भिंतीलगतचं पाणी

कर्वेनगरच्या कॉलेजात तोंडी परीक्षेला आलेले ते बाहेरचे परीक्षक कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नव्हते. हात मागे बांधून ते माझ्या काचेच्या उंच नळीसमोर थांबले. पाण्यात तळापासून बुडबुडे सुटत होते आणि मी आकृतीत पाण्याचे सगळे बाण वर जाणारे काढले होते.

"अहो, सगळंच पाणी वर गेलं तर खाली काय उरेल?"

त्यांनी खिशातल्या डबीतून भिजवलेला सब्जा काढून नळीत टाकला. दाणे मधून वर गेले आणि भिंतीलगत मुकाट खाली उतरले.

"वर जाणारं सगळ्यांनाच दिसतं," म्हणाले आणि पुढे गेले.

त्याला बरीच वर्षं झाली. परवा हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात साहेबांनी पडद्यावर कंपनीच्या प्रगतीचे बाण दाखवले, सगळे वर जाणारे. नोकरकपातीची कुजबुज होतीच. मी भिंतीलगत बसलो होतो.